जिवाणी

बोअर मारताना मशीनवाला थोड्याथोड्या खोलीवर वर येणारी माती काढून जमिनीवर ठेवतो. ढिगाशेजारी ढीग, ओळीने. काळा, पिवळा, राखाडी. ओळीच्या एका टोकाला आपण उभे असतो ती जमीन. दुसऱ्या टोकाला, नशीब असेल तर, ओला ढीग. भूजलशास्त्रज्ञ ती ओळ चालत चालत वाचतो.

ही गोष्ट तशीच मांडली आहे.

काळी माती

सावद्यात हाशम बागवान केळीचे घड ट्रकमध्ये भरायचे काम करायचा. समोर घेवरचंदजींचं किराणा दुकान, दुकानामागे घर, घरामागे विहीर. हाशमची मुलगी नाजमीन त्या विहिरीच्या कठड्यावर पोट टेकून आत ओरडायची आणि आवाज परत आला की दचकायची.

"अब्बा, पाणी कुठून येतं?"

"खालून."

"खाली कुठून येतं?"

"तुला भूक नाही का लागली?"

आता ती डॉ. नाजमीन बागवान आहे. निवृत्तीला थोडे महिने उरलेत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे आहे. ते कुणी मान्य करत नाही एवढंच.

पिवळी माती

नोकरीची सुरुवात धुळ्याकडे झाली. तिथे जमिनीत काळ्या दगडाच्या भिंती आहेत. लाव्हा भेगांत घुसून थिजला, त्या भिंती. वर कुठे टेकडीसारखी लांब रेघ दिसते, कुठे काहीच दिसत नाही. अशा एका भिंतीच्या दोन बाजूंना दोन विहिरी होत्या. मधे बैलगाडी जाईल एवढीच जागा. एकीत हात घालून पाणी घ्यावं, दुसरीत खडखडाट. कोरड्या विहिरीचा मालक वना पाटील तिला म्हणाला होता, "बठ्ठं पानी तथा शे, मॅडम. आमनाकडे नुसता दगड."

त्या दिवशी नाजमीन भिंतीवर उभी राहिली आणि पायाखाली अडून उभं असलेलं पाणी तिला जाणवलं. दिसलं नाही. जाणवलं. आयुष्यभर पुरेल एवढं.

मग बदली होऊन ती जळगावला आली, आणि तिथे भिंती नव्हत्या. तापीच्या उत्तरेला, यावलपासून सावद्यापर्यंत, नुसता गाळ. इतका खोल की बोअरला दगड लागतच नाही. सावद्याकडच्या एका खोल बोअरचं पाणी तिने वय काढायला पाठवलं. उत्तर आलं: काही हजार वर्षं. ती बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिली. ज्या पावसाचं हे पाणी, तो पडला तेव्हा सावदा नव्हतं, केळी नव्हती, आणि ह्या नदीला तापी म्हणणारंही कुणी नव्हतं. आणि बोअरचा मालक हिलाल पाटील, त्याच्या मळ्यात ते ठिबकच्या नळीतून केळीच्या मुळाशी टप टप पडत होतं.

तिचं म्हणणं असं: सातपुड्याच्या पायथ्याला गोटेझिरी नावाचं खेडं आहे. तिथल्या ओढ्यात गोलमटोल दगडांचा पट्टा आहे, पूर आला की पाणी गिळून टाकणारा. तो पट्टा तिथे संपत नाही. गाळाखालून उतरत उतरत थेट सावद्यापर्यंत येतो. गोटेझिरी म्हणजे ह्या सगळ्या पाण्याचं तोंड.

आणि आता त्या तोंडातले दगड काढायचे होते. खडी पाडायला. परवानगीसाठी जळगावला सुनावणी लागली होती. ठेकेदाराच्या वकिलाचं म्हणणं सोपं होतं: कुठे गोटेझिरी, कुठे सावदा, जमिनीखालून जोडलेत, हे दाखवा.

नाजमीनकडे आलेख होते, नकाशे होते, आयुष्य होतं. दाखवण्यासारखं काही नव्हतं.

वाळू

घेवरचंदजी गेले, दुकान मुलाने मोठं केलं, घरात शुद्ध पाण्याचं मशीन आलं. त्यांच्या पत्नी सुगनबाई मात्र अजून विहिरीचंच पाणी पितात. मुलगा त्यांच्यासाठी घागर ओढून देतो. मग त्या दुहेरी पांढऱ्या कापडातून ते गाळतात. जैनांच्या घरचा रिवाज. पण खरं काम त्यानंतर असतं. कापड उलटं धरून त्यावर गाळलेलं पाणी हळूच ओततात, कापडात अडकलेले जीव एका लहान बादलीत उतरवतात. ह्याला जिवाणी म्हणतात. ती जिवाणी त्याच विहिरीत परत जायला हवी. वरून फेकायची नाही, जीव मरतील. बादलीच्या तळाला एक कडी असते. बादली पाण्याला टेकेपर्यंत सोडायची, मग कडीची दोरी ओढायची. बादली पाण्यातच उलटते. जीव घरी जातात.

सुनावणीच्या चिंतेत नाजमीन त्यांच्याकडे नुसतीच बसायला आली होती.

"चहा घेशील? की शास्त्रज्ञांना चालत नाही?"

"काकी, साखर कमी."

"साखर माझी, दुकान माझं, कमी का?" सुगनबाई कापड उलटं करत होत्या. उन्हाची तिरीप कापडावर पडली होती.

नाजमीनने कप खाली ठेवला.

कापडावर तांदळाच्या कणीएवढं काहीतरी होतं. पांढरं नव्हे, बिनरंगाचं. अंगातून कापडाचे धागे दिसत होते. ते पाय हलवत होतं. तिने पिशवीतलं भिंग काढलं आणि डोकं खाली नेलं.

डोळे नव्हते. डोळे असायच्या जागी काहीच नव्हतं. डाग नाही, खोबण नाही. नुसतं गुळगुळीत.

असंच एक तिच्या कपाटात होतं, स्पिरिटच्या बाटलीत. गोटेझिरीच्या विहिरीत पातळी मोजायला सोडलेल्या टेपला चिकटून वर आलेलं. तेव्हा तिने ते एका जाणकाराला दाखवलं होतं. खेकड्या-झिंग्यांच्या कुळातला आहे, असं कळलं होतं. कायम अंधारात, गोट्यांच्या फटीत राहणारा. उजेडात येत नाही, ओढ्यातून पोहत नाही, जमिनीवरून चालू शकत नाही.

जमिनीवरून चालू शकत नाही.

हा जर तोच असेल, तर तो सातपुड्यापासून इथवर आला कसा? तो नसेल आला. त्याच्या आईच्या आईच्या आईने, हजारो पिढ्यांनी, एका फटीतून दुसरीत सरकत ही वाट काढली असेल. म्हणजे वाट आहे.

"ह्याला डोळे नाहीत," सुगनबाई भिंगातून बघून म्हणाल्या. "मग तेइंद्रिय. स्पर्श, चव, वास. तीनच."

"आमच्या पुस्तकात असंच म्हटलंय जवळजवळ."

"तुमचं पुस्तक नवीन असेल."

चिकण माती

ह्या थरातून पाणी जात नाही. अडतं.

नाजमीनने पिशवीतून दुसरी बाटली काढली. सुगनबाईंनी वास घेतला.

"हे काय?"

"स्पिरिट."

"आणि त्यात हा?"

"काकी, एकच. दोन्ही शेजारी ठेवून बघायला लागतात."

"नाजू, तू पोटावर पडून ह्या विहिरीत ओरडायचीस तेव्हा मी तुझा फ्रॉक धरून ठेवायचे. का?"

"पडू नये म्हणून."

"मग?"

"काकी, हा एक जीव गेला तर खालचे लाखो वाचतील. तिकडे दगड काढले की पाणीच बंद होईल."

"लाखांचा हिशेब तू ठेव. माझ्या कापडात हा आलाय."

"बरं, एक पाय घेते. पाय परत फुटतो त्याला."

"तुझा घेऊ? तुला फुटत नाही, एवढाच फरक."

नाजमीनला हसू आलं आणि रडूही. मग तिला आठवलं, हे कवचवाले जीव वाढताना अंगावरची कात टाकतात. कातीवर सगळं असतं: पाय, नख्या, केस. तपासायला पुरतं.

"काकी, तो स्वतःच कपडे बदलेल. आपण फक्त थांबायचं. तोपर्यंत तो तुमच्याकडे राहील, विहिरीच्याच पाण्यात, अंधारात."

सुगनबाई विचार करून उठल्या आणि तांब्या घेऊन आल्या.

"तांब्यात नको!" नाजमीन एवढ्याने ओरडली की दुकानातलं गिऱ्हाईक आत डोकावलं. "तांबं ह्यांना विष आहे."

"हळू बोल, बहिरी नाहीये मी." सुगनबाईंनी छातीवर हात ठेवला. मग मातीचं छोटं मडकं आणलं.

मडकं धान्याच्या कोठीत ठेवलं. सुगनबाई रोज पाणी बदलायच्या आणि रोज फोन करायच्या. "अजून जुनेच कपडे." सुनावणी जवळ येत होती. नाजमीन कचेरीत आलेखांवर बोट फिरवत बसायची आणि तिला वाटायचं, आपलं सगळं शास्त्र एका कोठीत, अंधारात, कधी अंग चोरतंय, कधी हलतंय.

एके सकाळी फोन आला.

"ये."

मडक्याच्या तळाशी दोन होते. एक चालत होता. दुसरा म्हणजे त्याची रिकामी आकृती, काचेहून पातळ, प्रत्येक पाय आपल्या जागी. नाजमीनने ती ब्रशच्या टोकावर उचलली तेव्हा तिने श्वास धरला होता. सुगनबाईंनीही.

मग त्यांनी मडकं कडीच्या बादलीत रिकामं केलं आणि चालणाऱ्याला घरी सोडलं.

कात आणि बाटलीतला जीव, दोन्ही तपासून उत्तर आलं. एकाच जातीचे. आजवर कुठे नोंद नसलेल्या.

ढासळ

कधी कधी चांगलं चाललेलं बोअर मधेच आतून ढासळतं.

सुनावणीच्या दिवशी सुगनबाई हट्टाने बरोबर निघाल्या. कापड घडी करून पर्समध्ये, डब्यात खाकरे. सूर्य मावळायच्या आत घरी पोचवायचं कबूल करून नाजमीनने गाडी काढली. तापीचा पूल आला.

"नाजू, साहेबांना टँकरचं पण सांगशील ना?"

"कुठला टँकर?"

"दुष्काळात नाही का यायचा. आपल्या विहिरीत गुडघाभरच पाणी उरलं होतं, नुसता गढूळ चिखल. मग गोटेझिरीकडून टँकर. मी तेही पाणी गाळायचे. बाकीच्यांनी सोडून दिलं होतं." त्यांचा आवाज अभिमानाने भरला. "आता त्याची जिवाणी कुठे सोडायची? त्यांची विहीर एवढी लांब. मरू देऊ? आपल्या विहिरीत सोडायचे. घर दुसरं, पण पाणी तरी."

नाजमीनने गाडी पुलापलीकडे बाजूला घेतली.

"किती दिवस, काकी?"

"संपूर्ण उन्हाळा. एक दिवस चुकवला नाही."

ढीग नाही

इथे माती वर आली नाही. पोकळी लागली असावी.

गाडीशेजारून केळीचे ट्रक जात होते. जो जीव हजारो पिढ्या सरकत आला असं तिला वाटलं होतं, तो टँकरने आला असेल. एका बाईच्या दयेने. हे जगात दोघींनाच माहीत होतं, आणि त्यातल्या एकीला त्यात बिघडलं काय, ते कळलं नव्हतं.

"नाजू, माझं काही चुकलं का?"

"नाही काकी."

"मग सांगशील ना?"

नाजमीनने गाडी सुरू केली.

गोटे

तिने सांगितलं. आधी कातीचं, मग टँकरचं. त्याच आवाजात.

वकील उभा राहण्याआधीच हसत होता. "म्हणजे साहेब, हा प्राणी जमिनीखालून आला नाही. रस्त्याने आला. डांबरी रस्त्याने!"

मागच्या बाकांवर हशा पिकला. सुगनबाईही हसल्या, मग नाजमीनचा चेहरा बघून थांबल्या. आता त्यांना कळलं. त्यांनी पर्समधलं कापड घट्ट धरलं.

सुनावणी घेणारे साहेब हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला. "मॅडम, हे तुम्ही सांगितलं नसतं तर आम्हाला कळलं नसतं."

"हो."

"अशी एखादी जागा आहे का, मधली, जिथे ह्या आजींचा हात पोचलेला नाही?"

नाजमीनने समोरच्या नकाशात डोकं घातलं. विहिरी बहुतेक बुजलेल्या. बोअरची तोंडं लोखंडी झाकणांनी बंद. त्यातलं पाणी कोण कापडाने गाळणार?

"आजी," वकील गमतीत म्हणाला, "तुमच्यासारखं पाणी गाळणारं आता कोण राहिलंय?"

नाजमीनने मान वर केली.

"सगळे."

"काय?"

"सगळा पट्टा पाणी गाळतो, साहेब. ठिबकच्या नळीला बारीक भोकं असतात, कचरा बसू नये म्हणून प्रत्येक मळ्यात बोअरच्या तोंडाशी जाळीचा फिल्टर आहे. रोज पाणी गाळलं जातं. यावलपासून सावद्यापर्यंत." तिने नकाशा साहेबांपुढे सरकवला. "मी आयुष्यभर त्या फिल्टरशेजारी उभी राहून पातळ्या मोजल्या. आत कधी बघितलं नाही."

"कुठला उघडायचा?"

"तुम्ही बोट ठेवा."

साहेबांनी वकिलाला नकाशा दिला. वकिलाने गोटेझिरी आणि सावद्याच्या मधोमध एका बोअरवर बोट टेकवलं. तो हिलाल पाटलाचा मळा होता.

ओला ढीग

दुसऱ्या दिवशी केळीच्या सावलीत सगळे लाईटची वाट बघत उभे होते. साहेब, वकील, नाजमीन, सुगनबाई आणि हिलाल.

"थ्री फेज येईन आता," हिलाल म्हणाला. "तुम्ही आले म्हून ते येतच नही."

"तुमच्या बोअरात वरून कधी काही टाकलं?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, पैसा टाकला तेवढा. बाकी झाकन आहे त्याले, पयल्या दिवसापासून. कसं टाकीन?"

लाईट आली. मोटार गुरगुरली. नळी थरथरली आणि पाणी फिल्टरमध्ये घुसलं. नाजमीनला ते पाणी जमिनीखाली चालताना जाणवलं, धुळ्याच्या भिंतीवर जाणवलं होतं तसं. फक्त आज तिला भीती वाटत होती. जाळी रिकामी निघाली तर तिला घरी जाऊन नकाशे गुंडाळायचे होते, आणि तिकडे गोटेझिरीला मशीन उभंच होतं.

बऱ्याच वेळाने हिलालने मोटार बंद केली, फिल्टरचा पट्टा सोडवला आणि जाळीचं नळकांडं बाहेर ओढलं. त्यावर राखाडी गाळ बसला होता.

"हे रोज धुतोस?" सुगनबाईंनी विचारलं.

"रोज."

"आणि कुठे टाकतोस?"

"बांधावर. कुठी टाकीन?"

सुगनबाईंनी वळून मळ्याकडे पाहिलं. त्यापलीकडच्या मळ्याकडे. मग पर्समधून कापड काढून दोन्ही हातांत पसरून धरलं.

नाजमीनने जाळीवर बरोबर आणलेल्या मडक्यातलं गाळलेलं पाणी हळूच ओतलं. गाळ कापडावर उतरला. वाळूचे कण, गंजाचे तुकडे. अजून पाणी. अजून.

"काही नाही," वकील म्हणाला.

"थांबा," सुगनबाई म्हणाल्या. "हात लावू नका. मला हलल्यासारखं वाटतंय."

एक होता. मेलेला, मोटारीच्या पंख्यात सापडून तुटलेला. त्याच्या शेजारी अजून एक, अर्धा. आणि वाळूच्या दोन कणांमधून तिसरा बाहेर आला, बिनरंगाचा, बिनडोळ्यांचा, सगळे पाय हलवत. पोटाखाली त्याने, तिने, काहीतरी धरलं होतं. नाजमीनने भिंग नेलं. अंडी. मोजून थोडीच, मोठाली, दुधाळ.

साहेबांनी भिंग मागितलं, वाकले, आणि वाकलेलेच राहिले. मग वकिलाने मागितलं. त्याने भिंग परत दिलं तेव्हा तो हळू आवाजात म्हणाला, "हे इथे खाली... राहतात?"

"आपण उभे आहोत त्याच्या खाली. यावलखाली, सावद्याखाली. नदी इथे यायच्या आधीपासून असतील."

साहेब सरळ झाले. "गोटेझिरीला आता दगड हलवू नका," ते वकिलाला म्हणाले. "मशीन माघारी बोलवा. आदेश संध्याकाळपर्यंत देतो. पुढचं अभ्यास झाल्यावर." वकिलाने वाद घातला नाही. तो अजून कापडाकडेच बघत होता.

मेलेले दोन बाटलीत गेले. त्याला सुगनबाईंची हरकत नव्हती.

"आणि ही?" त्यांनी विचारलं.

साहेबांनी फोटो काढले, हिलालने व्हिडिओ काढला. नाजमीनच्या हातात बाटली उघडीच होती. जिवंत, अंडी धरलेली मादी. ह्या जातीची पहिली. तिच्या शास्त्रातला कुणीही ती सोडणार नाही. तिने बाटलीचं बूच लावलं.

"हिलालभाऊ, झाकणाला भोक आहे ना?"

"तुमचंच पाडेल आहे, मॅडम. टेप सोडाले, दरवेळी पुसून."

पाण्याची पातळी मोजायची टेप तिच्या गाडीत कायम असते. टोकाला धातूची कांडी. कांडी पाण्याला टेकली की वरची पेटी वाजते. भोक बोटभर रुंद होतं. हिलालने ठिबकच्या नळीचा वीतभर तुकडा कापला, एका बाजूला बूच बसवलं. सुगनबाईंनी कापड उलटं धरून त्या नळीत मादीला उतरवलं, पाण्यासकट.

"कांडीला उभी बांध. आणि बुचाला दुसरी दोरी. हीच आपली कडी."

नाजमीनने टेप भोकातून सोडली. ती उतरत राहिली. आयुष्यभर तिने ह्या भोकांतून मापं वर काढली होती. हातातला हा भार खाली जाणारा होता. काळी माती गेली असेल, पिवळी गेली असेल, वाळू. चिकण. टेप सरकत होती, आणि सगळे पेटीकडे कान लावून उभे होते. हिलालने शेजारच्या मळ्यातल्या माणसाला हात करून रेडिओ बंद करायला लावला.

सुगनबाईंनी नाजमीनचा पदर मागून घट्ट धरला होता.

पेटी वाजली.

"टेकली," नाजमीन म्हणाली, आणि कडीची दोरी ओढली.